बर्फाखालच्या बाटल्या

विनूचं औषध थंड राहावं म्हणून आमच्या घरी फ्रिज आला. त्याआधी ते औषध माठात असायचं. माठात ओली वाळू, वाळूत स्टीलची डबी आणि डबीत इन्सुलिनच्या दोन बाटल्या. विनू माझा धाकटा भाऊ. शाळेत असतानाच त्याला साखरेचा आजार जडला आणि सकाळ-संध्याकाळची सुई आमच्या घरात स्वयंपाकाइतकीच नेमाची झाली. आई काचेची सिरिंज छोट्या पातेल्यात उकळायला टाकायची. पाण्याला आधण आलं की सिरिंज पातेल्याच्या कडेला खडखडायची, आणि अंथरुणातच मला कळायचं की उजाडलं. मग विनूची लघवी तपासायची. निळ्या औषधात चार थेंब टाकून काचेची नळी स्टोव्हवर धरायची. रंग निळाच राहिला तर घर हसायचं. हिरवट झाला तर चालायचं. विटकरी झाला की वडिलांचा चेहरा बदलायचा आणि आई ताटातली भाकरी अर्धी करायची.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नांदेडात स्टेशनच्या अलीकडे त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हातांना कायम वंगणाचा वास. घरातली कुठलीही वस्तू बिघडली तरी ती बाहेर जायची नाही. स्टोव्हची पिन, शिलाई मशीनचा पट्टा, आईच्या चपलेचा अंगठा, सगळं दादाच नीट करायचे आणि बहुतेक वेळा ते नीट व्हायचंही. त्यामुळे आपल्या हाताला जमत नाही असं जगात काही असेल, हे त्यांच्या मनाला शिवतच नसे. विनूच्या आजाराकडेही ते असंच बघायचे. सुई वेळेवर, खाणं मोजून, गोड बंद, म्हणजे पोरगं नीट चाललं पाहिजे. नाही चाललं तर कुणीतरी कुठंतरी हयगय केली, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रिज मामांचा. मामा लातूरला राहायचे. त्यांनी नवा फ्रिज घेतला आणि जुना टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवून दिला. आईला चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, टेम्पोवाल्याकडे तोंडी निरोप, "अक्काला सांगा, पोराच्या दवाईसाठी हाय, न्हाई म्हणू नको." एका दाराचा, फिकट हिरव्या रंगाचा, कोपऱ्यात पोपडे आलेला. सगळी गल्ली बघायला आली. शेजारच्या रशीदा खालांनी दारावरून हात फिरवला आणि रोज्यांच्या दिवसांत बर्फ द्यायचं आईकडून तिथल्या तिथं कबूल करून घेतलं. विनूनं फ्रिजचं नाव ठेवलं लातूरचे पाव्हणे. मोटार घुरघुरायला लागली की म्हणायचा, "आई, हळू बोल, पाव्हणे झोपून राहिलेत." तो फार हसवायचा. सुई टोचून घेतानाही आमच्याकडे बघून डोळे तिरळे करायचा. त्याच्याबद्दल लिहिताना माणसं आजाराचंच लिहितील म्हणून हे आधी सांगते.

उन्हाळा चढला आणि फ्रिज गळायला लागला. आतल्या आत पाणी. बर्फाच्या कप्प्यामागून भिंतीवर धार उतरायची, जाळीवरच्या भांड्यांवर ठिबकायची आणि खाली भाजीच्या खणात साचायची. कोथिंबीर तरंगायची. खण भरला की दारातून पाणी फरशीवर यायचं आणि स्वयंपाकघरात आईचा पाय घसरायचा. आज माझ्या सुनेच्या घरी जो फ्रिज आहे त्यात बर्फच धरत नाही. तेव्हाच्या फ्रिजमध्ये बर्फ साचायचं, बटण दाबलं की वितळायचं, आणि ते पाणी मागच्या भिंतीखालच्या पन्हाळीत जायचं. पन्हाळीच्या मधोमध बोट जाईल न जाईल एवढं भोक असतं. तिथून नळीनं पाणी मागं मोटारीवरच्या ताटलीत पडतं आणि मोटारीच्या उष्णतेनं सुकून जातं. हे आता मी झोपेतही सांगेन. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

दादांनी ठरवलं की दाराचं रबर सैल पडलंय, बाहेरची गरम हवा आत शिरते, त्यानं घाम सुटतोय. त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दाराला आतून चिकटवल्या. दार घट्ट बसायला लागलं. पाणी तसंच. मग फ्रिजच्या पुढच्या पायांखाली विटेचे तुकडे घातले. पाणी तसंच. मेकॅनिकला बोलवा, असं आई म्हणाली तर ते म्हणाले, "मी हाय ना. त्याला कायला बोलावतीस?" दुकानातून दमून आले तरी पाटावर बसून बॅटरीच्या उजेडात आत बघत बसायचे. त्या दिवसांत वीज सारखी जायची. गारवा टिकावा म्हणून त्यांनी थंडीचं बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं होतं. त्यानं बर्फ आणखी धरायचं, आणि गळणंही वाढायचं.

विनूच्या बाटल्या मधल्या जाळीवर असायच्या. पाण्यानं त्यांच्या खोक्याचा लगदा झाला, बाटल्यांवरची चिठ्ठी निघून हाताला चिकटायला लागली. एका सकाळी दादांनी दोन्ही बाटल्या पुसल्या आणि वर, बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली जो ट्रे असतो, त्यात ठेवल्या. "इथं कोरडं हाय," ते म्हणाले, "अन् लई थंड हाय. औषधाला थंडच लागतंय ना?" आईनं मान डोलावली, हाव म्हणाली. मीही तिथंच होते. माठातल्या वाळूतून औषध आता अगदी बर्फाच्या शेजारी गेलं, म्हणजे त्याची बडदास्त वाढलीच, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाटल्या दगडासारख्या झाल्या होत्या. आईनं त्या पदरात धरून, तळव्यांत चोळून पातळ केल्या. विनूनं त्यातली एक उजेडाकडे धरली.

"दादा, यात कण दिसून राहिलेत. दूध नासल्यावानी."

"हलव जरा."

"हलवलं. जाईनात."

दादांनी बाटली घेतली, आपल्या हातानं हलवली आणि परत दिली. "बहाणे करू नको विन्या. सुई टोचायची म्हणलं की तुला काही ना काही दिसतंय."

बहाणे तो करायचा, हे खरं होतं. सुई टळावी म्हणून पूर्वी त्यानं पोटात दुखतंय, सिरिंज फुटलीय, असलं सगळं करून झालं होतं. त्यामुळे आईनं उकळलेली सिरिंज त्याच्यापुढं धरली. विनूनं सुई भरली आणि टोचून घेतली.

त्यानंतर काचेची नळी रोज विटकरी व्हायला लागली. आईनं भाकरी कमी केली. येसराची पातळ आमटी न् पालेभाजी, एवढंच त्याच्या ताटात. तरी रंग बदलेना. विनू तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा आणि लघवीला परसात पळायचा. गालफडं आत गेली. शाळेला सुट्टी होती, तो दिवसभर माठाजवळच्या ओल्या फरशीवर पडून राहायचा. आणि त्याच्या तोंडाला वास यायला लागला. गोड, पिकलेल्या फळाचा वास. आमच्या गल्लीतून तेव्हा अर्धापूरच्या केळ्यांचे गाडे जायचे, आणि उन्हात काळी पडलेली केळी गाडेवाले पोरांना अशीच देऊन टाकायचे. दादा दुकानातून आले, विनूजवळ वाकले, आणि ताठ झाले.

"केळी खाल्लीस."

"न्हाई दादा."

"वास येऊन राहिलाय. खोटं बोलतूस?"

"तुमची शपथ, म्या काही खाल्लं न्हाई."

दादांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्याआधी त्यांनी आजारी पोरावर कधी हात उगारला नव्हता. विनू रडला नाही. भिंतीला धरून उठला, माठाकडे गेला आणि पाणी प्यायला. पिताना दात तांब्यावर वाजत होते. दादा बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी विनूजवळ गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुला तरी खरं वाटतंय का?" मी म्हणाले, "हाव रे." आणि मला ते खरंच वाटत होतं, कारण दोन दिवस तो उठून पुढच्या दारापर्यंतसुद्धा गेला नव्हता. मी दादांना जाऊन तसं सांगितलं. ते म्हणाले, "गाडेवाला खिडकीतून देत असंल. तू मधी पडू नको."

उलट्या सुरू झाल्या तेव्हा ऊन लागलं असं सगळे म्हणाले. रशीदा खालांनी कैरीचं पन्हं बिनसाखरेचं करून आणलं. ते पोटात ठरलं नाही. मग त्याचा श्वास बदलला. धावून आल्यासारखा, खोल, लांब श्वास, आणि तो तर आडवा पडलेला. दादांनी त्याला उचललं, रिक्षात घातलं, आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं ठेवून घेतलं, सलाईन लावली. दादांना बाहेरून औषधं आणायला पाठवलं. डॉक्टर तरुण होते, बोलणं हळुवार होतं. त्यांनी आईला विचारलं, सुई चुकली होती का? आई म्हणाली, एकही न्हाई. मग ते मला म्हणाले, घरी जी बाटली आहे ती घेऊन ये.

मी रिक्षानं घरी गेले. फ्रिज उघडला तर पाणी पायावर आलं. बाटल्या ट्रेमध्ये बर्फाला चिकटून बसल्या होत्या, ओढून काढाव्या लागल्या. रुमालात गुंडाळून नेल्या. डॉक्टरांनी एक खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही कुठं ठेवत होता?"

"बर्फाखाली," मी म्हणाले.

"हे औषध एकदा गोठलं की गेलं. मग कितीही टोचा, त्याचा उपयोग नाही. तोंडाला हा फळासारखा वास येतोय तोही त्यामुळंच." मग आईकडे बघून म्हणाले, "पोराला किती दिवस औषधच मिळालेलं नाही, बाई."

आईनं तोंडावर पदर धरला. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेले. थोड्या वेळानं आईनं माझं मनगट पकडलं. तिची नखं मला टोचत होती. "दादांना हे सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "कधीच न्हाई. कळलं का?" तेवढ्यात दादा औषधं छातीशी धरून जिन्यानं पळत वर आले.

चांगलं औषध टोचलं गेलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी विनू गेला. शुद्धीवर तो पुन्हा आलाच नाही. दादांनी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते तरुण डॉक्टर ड्यूटीवर नव्हते. जे होते ते म्हणाले, "साखर फार वाढली होती." दादांनी मान डोलावली. त्यांना हवं ते उत्तर त्यात होतं.

गोदावरीच्या घाटावर त्याला नेलं. पुढचे दिवस माणसं येत राहिली, आणि दादा प्रत्येकाला एकच सांगत राहिले. "ऐकलं न्हाई पोरानं. केळी खाऊन गेला." रडत रडत सांगायचे. ते ऐकताना माणसंही मान डोलवायची. पोरच ते, तोंडाला चव लागली की काय करणार. रशीदा खाला एकदा म्हणाल्या, "बच्चा ऐसा नै था भाई," तर दादा म्हणाले, "मपल्या नाकानं वास घेतला म्या." आई चुलीपुढं बसून हे सगळं ऐकायची आणि लाकूड आत सारायची. मला वाटायचं, विनू मेला त्यापेक्षा हे वाईट चाललंय. तो चोर नव्हता, खोटारडा नव्हता, आणि आता रोज कुणीतरी नवीन माणूस येऊन तो चोर होता असं ऐकून जात होता. मी आईला तसं म्हणाले.

"गेलेल्याला काय लागतंय आता?" आई म्हणाली. "हे माणूस जगवायचं हाय मला. याला कळलं तर हे न्हाई राहायचं."

तेराव्यानंतर मामा आम्हाला लातूरला घेऊन गेले. घर बदललं की मन बदलतं असं त्यांना वाटलं असावं. मामींनी जेवायला वाढलं, शेंगदाण्याची चटणी, ताक, ज्वारीची भाकरी. दादा जेवत नव्हते. मामांच्या शेजारची माणसं भेटायला आली होती, त्यांची पोरंही दारात उभी होती. दादांनी पुन्हा तेच सुरू केलं. मामा ऐकत होते. मग त्या पोरांकडे वळून म्हणाले, "बघा रे. आईबापाचं ऐकलं न्हाई की असं व्हतंय. चोरून खाल्लं न् गेला जिवानिशी."

माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. ते खाली ठेवलेलं मला आठवतं.

"विनूनं काहीच खाल्लं नव्हतं," मी म्हणाले.

"सुमे," आई म्हणाली.

"त्याचं औषध गोठलं होतं. डॉक्टर म्हणाले गोठलं की ते खराब होतंय. तोंडाला वास येत होता तो आजाराचाच. बर्फाखाली ठेवल्यामुळं झालं, दादा. तो खोटं बोलत नव्हता."

आई उठली आणि तिनं मला सगळ्यांसमोर मारलं, एकदा, दोनदा, मामी मध्ये पडेपर्यंत. दादा ताटावरून उठले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर कुणाला म्हणाले?" मी म्हणाले, "आईला न् मला." त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. त्यांनी हात धुतले, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर गेले. मामा मागं धावले, पण दादा त्यांना म्हणाले, जरा चालून येतो. ते परत आले नाहीत. संध्याकाळी मामा बसस्टँडवर चौकशी करून आले. दादा नांदेडच्या गाडीत बसले होते.

मी बोलले ते चांगलं केलं की वाईट, हे लोकांनी मला आयुष्यभर विचारलं. आईनं तर विचारलंही नाही, तिचं ठरलेलं होतं. माझ्या लग्नापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी आजही तेच बोलले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत आईशेजारी बसून केलेला तो प्रवासही मी विसरलेले नाही. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. खिडकीच्या गजाला आईनं दोन्ही हातांनी धरलं होतं. नांदेड जवळ आलं, गाडी गोदावरीच्या पुलावर चढली, आणि ती एकदम उभी राहिली. पुलावर माणसं जमलीत का, ते ती बघत होती. मीही बघत होते. माणसं नव्हती. नदीत पाणीही फारसं नव्हतं.

गल्लीत शिरलो तर आमच्या दारातून पाणी वाहून ओट्याखाली आलं होतं. आई तिथंच थांबली. रशीदा खाला त्यांच्या उंबऱ्यावर बसलेल्या. आम्हाला बघून उठल्या. "अंदर जाव," त्या म्हणाल्या. "हैं वो. सुबू से कुछ खाए नै, पानीच डाल रैं."

दादा स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर बसले होते. फ्रिज भिंतीपासून पुढं ओढलेला, दार सताड उघडं, आतल्या जाळ्या, खण, ट्रे, सगळं अंगणात उन्हात मांडलेलं. सगळं बर्फ वितळवून टाकलेलं. त्यांच्या हातात सायकलचा स्पोक होता, टोकाला चिंधी गुंडाळलेली. मागच्या भिंतीखालच्या पन्हाळीत त्यांनी तो घातला होता आणि हळूहळू फिरवत होते. शेजारी बशीत त्यांनी भोकातून काढलेलं ठेवलं होतं, काळा गाळ आणि त्यात कोथिंबिरीची एक कुजलेली काडी. एवढंच. त्यांनी स्पोक काढला, पातेल्यातलं कोमट पाणी पेल्यानं पन्हाळीत ओतलं, आणि फ्रिजच्या पाठीला कान लावला. मागच्या ताटलीत पाणी पडल्याचा आवाज आला. ते पुन्हा पेला भरायला लागले.

"अहो," आई म्हणाली. "आता कशाला?"

त्यांनी पेला ओतला. पाणी पुन्हा सरळ खाली गेलं, आत एक थेंब साचला नाही.

"त्यानं मला दाखवली होती बाटली," दादा म्हणाले. "कण दिसून राहिलेत म्हणला. म्या हलवून दिली."

आई त्यांच्या मागं उभी होती. ती खाली बसली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या पाठीवर मारायला लागली. दादा हलले नाहीत, पाठ पुढं करून बसून राहिले. मग आईचे हात थांबले आणि तिनं कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकवलं. विनू गेल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. रशीदा खाला दारात आल्या होत्या, त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

त्यानंतर दादा पुष्कळ वर्षं जगले. कुणीही विनूचं नाव काढलं की ते स्वतःहून सांगायचे, "औषध मपल्या हातानं गोठलं." नातेवाईक अवघडायचे, आई उठून आत जायची, पण ते सांगायचे. लातूरला माझ्या लग्नात मामांच्या शेजाऱ्यांना त्यांनी एकेकाला गाठून सांगितलं. त्या दिवशी दारात उभी असलेली पोरं आता मोठी झाली होती. त्यांनाही सांगितलं, की माझा मुलगा खरं बोलत होता.